स्मरणशक्ती असलेलं नशीब

'गेनशिन इम्पॅक्ट' या खेळात 'विश'चा पडदा उघडला की कोपऱ्यात 'डिटेल्स' असं एक बारीक बटण दिसतं. त्यावर बोट ठेवणारे थोडे. बहुतेकांची नजर पडद्यावर दिमाखात उभ्या असलेल्या पात्रावर खिळलेली असते. त्याचा अंगरखा, वाऱ्यावर उडणारे केस, हातातलं शस्त्र. चित्रकारांनी ते रंगवलेलं असतं त्यासाठीच. मला मात्र या खेळातलं सर्वांत कसदार लेखन त्या बटणामागे सापडलं. तिथे नियमांचं एक लांबलचक, कोरडं पान आहे. भाषा वकिली, कर्त्याचं नाव कुठेच नाही. पण त्या पानावरचे तीन आकडे आणि एक वाक्य यांत माणसाच्या आशेची जी जाण आहे, ती मला थक्क करते. त्याच चार गोष्टींचा आस्वाद इथे घ्यायचा आहे.

खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. शांघायच्या मीहोयो कंपनीनं तो २८ सप्टेंबर २०२० रोजी आणला. खेळायला पैसे लागत नाहीत. तेवात नावाचं एक कल्पित जग आहे. ते चालत, पोहत, कडे चढत, पंखांवर तरंगत हवं तितकं हिंडावं. नवी पात्रं हवी असतील तर मात्र विश करावी लागते. एका विशला १६० 'प्रिमोजेम' लागतात आणि ती खेळून साठवता येतात किंवा पैसे मोजून घेता येतात. विशमधून काय निघेल हे आधी कळत नाही. बहुतेक वेळा तीन ताऱ्यांचं एखादं सामान्य शस्त्र निघतं. कधी चार ताऱ्यांचं काही, आणि फार क्वचित पाच ताऱ्यांचं पात्र. दर तीन आठवड्यांच्या आसपास 'बॅनर' बदलतं, म्हणजे त्या काळापुरतं एक खास पात्र पुढे केलं जातं. या साऱ्या प्रकाराला गाचा म्हणतात. जपानमध्ये दुकानांच्या दाराशी नाणं टाकून मूठ फिरवायची यंत्रं असतात, त्यांतून प्लास्टिकच्या गोळ्यात बंद असलेलं एखादं खेळणं घरंगळत येतं. नाव तिथून आलं.

हे नियमांचं पान कंपन्यांनी हौसेनं लिहिलेलं नाही. चीनच्या संस्कृती मंत्रालयानं १ मे २०१७ पासून अशा सोडतींची शक्यता जाहीर करणं बंधनकारक केलं. त्याच वर्षाच्या अखेरीला ॲपलनंही आपल्या ॲप स्टोअरसाठी तसाच नियम घातला. कायद्याच्या सक्तीतून आलेलं हे गद्य आहे आणि म्हणून त्यातला एकेक शब्द तोलून घातलेला आहे.

आता आकडे. पाच ताऱ्यांचं पात्र मिळण्याची मूळ शक्यता ०.६०० टक्के. हमी धरून एकूण शक्यता १.६०० टक्के. आणि तिसरा आकडा ९०: इतक्या विशमध्ये पाच ताऱ्यांचं काहीतरी नक्की मिळेल.

पहिला आकडा निर्दय आहे. हजारात सहा. तो एकटाच असता तर ९० विश करूनही शंभरातले ५८ जण रिकाम्या हातानं बसले असते. ३०० विशनंतरसुद्धा साधारण सहा माणसांमागे एकाच्या पदरात काहीच पडलं नसतं. तिसरा आकडा त्या निर्दयतेला तळ देतो. खेळाडू त्याला 'पिटी' म्हणतात. "माझी पिटी साठ झाली" असं सहज बोललं जातं, जणू बँकेच्या पासबुकातली शिल्लक सांगावी. चारशे-पाचशे विश करूनही हात रिकामाच, असा दुर्दैवी जीव या जगात असूच शकत नाही.

पण खरा रस दुसऱ्या आकड्यात आहे, आणि तो शोधायला कागद-पेन्सिल हवी. समजा शक्यता शेवटपर्यंत ०.६ टक्केच राहिली आणि फक्त नव्वदावी विश हमखास केली. मग पाच ताऱ्यांसाठी सरासरी किती विश लागतील? उत्तर सत्तरच्या किंचित आत येतं. म्हणजे एकूण शक्यता साधारण १.४३ टक्के. पानावर छापलेत १.६००, म्हणजे सरासरी साडेबासष्ट. तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिणाऱ्या माणसानं आकडा गोल करण्याच्या सोयीसाठी इतका फरक केला असेल, हे संभवत नाही. मग या सात विश गेल्या कुठे?

या प्रश्नाचं एकच उत्तर आहे. शक्यता शेवटपर्यंत ०.६ राहत नाही. नव्वदच्या आधीच कुठेतरी ती चढू लागते. नियमांच्या पानावर हे लिहिलेलं नाही. पण शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन आकड्यांमधल्या फटीतून ते ऐकू येतं. आपल्या काव्यशास्त्रानं ज्याला ध्वनी म्हटलं, वाच्यार्थाच्या आड राहून उमगणारा अर्थ, तो मला नियमावलीच्या पानावर भेटला याचा आनंद आजही ओसरलेला नाही. लिहिणाऱ्यानं खोटं काही सांगितलं नाही आणि सगळं सांगितलंही नाही.

खेळाडूंनी ही फट आपल्या कष्टानं भरून काढली. हजारो लोकांनी आपापल्या विशच्या नोंदी एकत्र केल्या, लाखो विशचा आलेख काढला, आणि चित्र स्पष्ट झालं. ७३ पर्यंत शक्यता सपाट ०.६. चौऱ्याहत्तराव्या विशपासून ती दर विशला सुमारे सहा टक्क्यांनी चढते. ७४ ला साडेसहाच्या आसपास, ७५ ला साडेबारा, ७६ ला साडेअठरा. खेळाडू याला 'सॉफ्ट पिटी' म्हणतात. या चढणीचा परिणाम पाहण्यासारखा आहे. ७३ विश झाल्या तेव्हा शंभरातले ६४ जण अजून वाट पाहत असतात. ८० विश होईस्तोवर त्यांतले आठच उरतात. पंच्याऐंशीनंतर हजारात एकही नाही. आणि प्रत्यक्ष नव्वदाव्या विशपर्यंत पोचणारा माणूस कोटीत एखादाच निघेल.

याचा अर्थ असा की ज्या हमीचा आकडा ठळकपणे छापला आहे, ती हमी जवळजवळ कधी वापरलीच जात नाही. माणूस नव्वदच्या भरवशावर निघतो आणि सत्त्याहत्तरच्या आसपास पोचतो. वचन मोठं देऊन ते मुदतीआधी पुरं करण्याची ही रीत मला फार सुंदर वाटते. नव्वदीच्या भिंतीवर जाऊन आदळावं लागलं असतं तर ती भिंत सर्वांना दिसली असती, आणि मिळालेलं पात्र नाइलाजानं दिल्यासारखं वाटलं असतं. ७७ ला मिळतं तेव्हा ते नशिबानं दिल्यासारखं वाटतं. हमी आहे आणि तरी चमत्काराची जागा शिल्लक आहे.

१८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटच्या चाकावर सलग २६ वेळा काळा आला. दर वेळी लोक वाढत्या आवेशानं लालवर पैसे लावत गेले, कारण इतक्यांदा काळा आल्यावर आता तरी लाल यायलाच हवा. पैसे बुडाले. चाकाला मागचं काही आठवत नसतं. सत्ताविसाव्या वेळीही त्याच्या लेखी तो पहिलाच डाव असतो. 'आता यायलाच हवं' ही भावना लॉटरीच्या दुकानापासून मटक्याच्या आकड्यापर्यंत सगळीकडे माणसाला बुडवत आली आहे. संख्याशास्त्राचे शिक्षक पिढ्यानपिढ्या ती खोडून काढतात, आणि ती पुन्हा उगवते, कारण ती आपल्या न्यायबुद्धीतून येते. इतकं सोसल्यावर काहीतरी परत मिळालंच पाहिजे असं आपल्याला मनापासून वाटत असतं.

गेनशिनच्या नियमानं हीच चुकीची समजूत घेतली आणि तिला कायदा केलं. पंच्याहत्तराव्या विशला 'आता यायलाच हवं' असं म्हणणारा माणूस बरोबर असतो. इथलं चाक मागचं विसरत नाही. प्रत्येक अपयश कुठेतरी लिहून ठेवलेलं आहे आणि ते वाया जाणार नाही. माझ्या मते या यंत्रणेचं सौंदर्य इथे आहे: तिनं नशिबाला स्मरणशक्ती दिली.

ही कल्पना पैशांच्या सोडतीत जन्मली नाही, हेही नोंदवायला हवं. २००२ च्या 'वॉरक्राफ्ट थ्री'मध्ये जोरदार घाव बसण्याची शक्यता प्रत्येक हुकलेल्या घावागणिक वाढत जात असे, म्हणजे कोणी लागोपाठ दुर्दैवी ठरून चिडू नये. आधुनिक टेट्रिसमध्ये सातही आकारांची एक थैली ढवळून रिकामी केली जाते आणि मगच दुसरी भरली जाते. त्यामुळे ती लांब दांडी कितीही हवीहवीशी झाली तरी दोन दांड्यांमध्ये बारापेक्षा जास्त दुसरे तुकडे येऊच शकत नाहीत. शुद्ध यदृच्छा माणसाला अन्यायी भासते, हे खेळ रचणाऱ्यांना केव्हाच कळलं होतं. मीहोयोनं त्याचा वारसा घेतला आणि त्याला एक कथा दिली.

ती कथा चौथ्या गोष्टीत आहे, त्या एका वाक्यात. पाच ताऱ्यांचं पात्र मिळालं म्हणजे काम झालं असं नाही. ते बॅनरवरचंच असण्याची शक्यता निम्मी. उरलेल्या निम्म्यात कायमस्वरूपी यादीतलं कोणीतरी येतं. सुरुवातीला त्या यादीत जीन, डिलूक, मोना, केचिंग आणि चीची अशी पाच पात्रं होती, पुढे ती वाढली. आणि मग नियमांचं पान सांगतं की या वेळी बॅनरवरचं पात्र मिळालं नसेल, तर पुढचं पाच ताऱ्यांचं पात्र बॅनरवरचंच असेल. "फिफ्टी-फिफ्टी हरलो, पण आता गॅरंटी आहे", हे खेळाडूंच्या तोंडचं वाक्य त्यातूनच आलं.

त्या बोलण्याची चाल ऐका. तक्रार अर्ध्यावर येते आणि दिलाशात वळते. हरण्याच्या क्षणीच पुढच्या जिंकण्याची पावती हातात ठेवलेली असते. एका वाक्यात दोन भाव, आणि दोन्ही खरे. फिफ्टी-फिफ्टी हरण्याची ओळख बनलेली चीची ही छोटी मुलगी कथेत औषधांच्या दुकानात काम करते आणि तिला काही लक्षात राहत नाही. ती वहीत सगळं लिहून ठेवते. हे योजून केलेलं असेल असं मला वाटत नाही. पण जिच्या येण्यानं यंत्रणेची स्मृती जागी होते तीच विसराळू असावी, हा योग मला विलक्षण गोड वाटतो.

आपल्याकडच्या चिठ्ठीच्या भिशीत हाच दिलासा वेगळ्या रूपात असतो. कोणाची चिठ्ठी कधी निघेल हे नशीब ठरवतं, निघणार हे मात्र ठरलेलं असतं. नशिबाकडे फक्त क्रम लावण्याचं काम उरतं. या नियमातही नशिबाचा अधिकार तेवढाच शिल्लक आहे. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की भिशीत भरलेलं सगळं परत हातात येतं आणि भिशी चालवणारी काकू शेजारीच राहते.

त्याच पानावर पुढे एक गोष्ट आहे जिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं आणि जी मला सगळ्यांत मोलाची वाटते. बॅनर संपलं तरी मोजणी संपत नाही. पात्रांच्या या बॅनरवर पन्नास विश करून थांबलात तर ते पन्नास पुढच्या बॅनरवर तुमच्या नावावर जमा असतात. हरलेल्या फिफ्टी-फिफ्टीची गॅरंटीही तशीच पुढे सरकते. मधे वर्ष गेलं तरी ती जागेवर असते.

याची थोरवी कळायला जपानमधल्या २०१६ च्या सुरुवातीकडे पाहावं लागेल. सायगेम्स कंपनीच्या 'ग्रॅनब्लू फँटसी' या खेळात नववर्षानिमित्त अंदिरा नावाचं पात्र आलं. ते माकडाचं वर्ष होतं आणि हे पात्र त्याच राशीचं. ती मिळता मिळेना. एका खेळाडूनं थेट प्रक्षेपण करत २,२७६ वेळा सोडत काढली आणि जवळपास सात लाख येन खर्च केले, तेव्हा कुठे ती मिळाली. गदारोळ झाला. त्या मार्चमध्ये कंपनीनं छत घातलं: ३०० सोडती झाल्या की हवं ते पात्र निवडून घ्या. एका सोडतीचे ३०० येन, म्हणजे छताची उंची ९०,००० येन. जपानी खेळाडू आजही याला छतच म्हणतात, आणि हमीचं प्रत्येक गणित तिथपासून मोजलं जातं. सगळ्यांनी ते लगेच स्वीकारलं नाही. २०१५ पासून चालत आलेल्या 'फेट/ग्रँड ऑर्डर' या प्रचंड लोकप्रिय खेळात २०२२ पर्यंत कसलंच छत नव्हतं. आलं तेही ३३० सोडतींचं.

अंदिराच्या प्रकरणातून आलेलं छत न्याय्य होतं, पण त्यात एक खिळा राहिला. ती मोजणी त्या बॅनरपुरतीच. २४० पर्यंत पोचून पैसे संपले आणि मुदत टळली, तर पुढच्या वेळी पुन्हा शून्य. म्हणजे अर्ध्यावर उठणाऱ्याला शिक्षा आहे. अशी हमी माणसाला कानात सांगते की इतका आलास, आता थांबू नकोस. गेनशिनची मोजणी पुढे सरकते म्हणून तिथे उठून जाता येतं. साठवर थांबा, खेळ बंद करा, परीक्षा द्या, सहा महिन्यांनी या. साठ तिथेच असतील. स्मरणशक्तीचा उपयोग माणसाला बांधून ठेवायला होतो तसा मोकळं सोडायलाही होतो, आणि पात्रांच्या बॅनरवरच्या नियमात तो दुसरा उपयोग आहे. हमीची प्रतवारी लावायची तर मी छताची उंची नंतर पाहीन. आधी हे विचारीन की मधे उठलं तर काय हरवतं?

याच कसोटीवर त्याच खेळातलं शस्त्रांचं बॅनर उणं पडतं. तिथे मूळ शक्यता ०.७ टक्के, हमी ८० वर, एकूण १.८५ टक्के. दिसायला पात्रांपेक्षा उदार. पण पुढे केलेली शस्त्रं दोन असतात, आणि त्या दोहोंपैकी एक मिळण्याची शक्यता ७५ टक्के. हवं ते नेमकं मिळण्याची साडेसदतीस. सुरुवातीला हवं तेच शस्त्र मिळेल अशी हमी कुठेच नव्हती. जुलै २०२१ मध्ये 'एपिटोमाइज्ड पाथ' आला: शस्त्र निवडा, दोनदा चुकीचं मिळालं तर तिसरं तेच. ऑगस्ट २०२४ मध्ये दोनाचं एक झालं, म्हणजे वाईटात वाईट २४० विशऐवजी १६०. ही सुधारणा मोठी आहे. पण या मार्गावर साठलेला गुण बॅनर संपताच पुसला जातो. एकाच लेखकानं एका पानावर स्मृतीचं इतकं मोल ओळखावं आणि शेजारच्या पानावर ती पुसावी, हे मला खुपतं. कुरो गेम्सनं मे २०२४ मध्ये आणलेल्या 'वदरिंग वेव्ह्ज'मध्ये शस्त्रांच्या बॅनरवर पाच ताऱ्यांचं जे निघेल ते पुढे केलेलंच असतं. त्यांनी हा प्रश्न एका फटक्यात मिटवला.

नियमांचं पान मिटून विश केली की आकाश उघडतं. ढगांवरून एक उल्का खाली झेपावते. निळी असेल तर तीन तारे, जांभळी तर चार, सोनेरी तर पाच. मग काळी आकृती दिसते, तिच्यात रंग भरतो, एकेक तारा टिणटिणत उमटतो. हे दृश्य पहिल्या विशलाही तेच आणि शहात्तराव्यालाही तेच. एक चौकट बदललेली नाही. पाहणारा मात्र बदललेला असतो. बाराव्या विशला उल्केकडे कोणी नीट पाहतही नाही, बोट 'स्किप'वर असतं. सत्तर ओलांडली की सराईत खेळाडू दहाच्या जोडविशा थांबवतात आणि एकेक करू लागतात. कारण हिशेबाचंही आहे, दहाच्या घावात पुढच्या विश वाया जाऊ नयेत. पण तेवढंच नसतं. चौऱ्याहत्तर. निळी. पंच्याहत्तर. निळी. आता प्रत्येक निळी उल्का पुढच्या सोनेरीला जवळ आणते आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असतं. त्याच चित्राला लिहिलेल्या-न लिहिलेल्या नियमानं भाव पुरवला. उत्कंठा चित्रकारानं निर्माण केलेली नाही, ती त्या पानानं निर्माण केली. विभाव पडद्यावर असतो, पण स्थायी भाव आकड्यांनी आधीच पेरून ठेवलेला असतो.

इथे पैशांबद्दल बोलायलाच हवं, कारण या सुंदर रचनेचं भाडं कोणीतरी भरतं. सगळ्यांत वाईट प्रसंगी हवं ते पात्र १८० विशमध्ये मिळतं, म्हणजे २८,८०० प्रिमोजेम. रोजची चार कामं केली की ६० प्रिमोजेम मिळतात. फक्त तेवढ्यावर हा पल्ला गाठायला ४८० दिवस लागतील. सण-उत्सव, मोहिमा, नवे प्रदेश यांतून आणखी बरंच मिळतं, म्हणून धीर असलेला माणूस एक पैसा न देता खेळू शकतो आणि असंख्य खेळतातही. पण विकत घ्यायचं तर अमेरिकेतल्या दरानं शंभर डॉलरच्या थैलीत पन्नासेक विश येतात; १८० विश साडेतीनशे डॉलरच्या वर जातात. आणि डॉलरचे आधी 'जेनेसिस क्रिस्टल' होतात, त्यांचे प्रिमोजेम, त्यांचं 'फेट', आणि मग विश. नियमांच्या पानावर तीन दशांशांपर्यंत नेमका असणारा लेखक दुकानाच्या पानावर इतका आडवळणी का होतो, याचं उत्तर उघड आहे. १७ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं या खेळाच्या प्रकाशकाशी केलेल्या तडजोडीत २ कोटी डॉलरचा दंड ठरला. सोळा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय अशा सोडती विकायला मनाई झाली, आणि चलनांचे विनिमय दर स्पष्ट सांगण्याचं बंधन आलं. मला हा आदेश या रचनेवरची टीका म्हणून अत्यंत योग्य वाटतो. ज्याला १८० चा अर्थ कळतो त्याच्यासाठी ही हमी आधार आहे. बारा वर्षांच्या मुलाला 'हमखास' एवढाच शब्द ऐकू येतो.

२८ ऑगस्ट २०२४ च्या पाचव्या आवृत्तीत फिफ्टी-फिफ्टीला एक नवी भर पडली, 'कॅप्चरिंग रेडियन्स'. हरण्याच्या वाटेवर असलेली विश कधी कधी वळते आणि हवं ते पात्र मिळतं. कंपनीच्या शब्दांत एकूण शक्यता पन्नासाऐवजी ५५ टक्के. सरासरी पाहिली तर हवं ते पात्र पूर्वी चौऱ्याण्णव विशच्या आसपास येई, आता एक्याण्णवच्या आसपास. खेळाडूंचा फायदाच आहे आणि तो मला मान्य आहे. तरी वाचक म्हणून मी इथे थबकतो. ०.६ आणि १.६ मधल्या फटीत जे दडलं होतं, त्याच्या पलीकडे नव्वदची भक्कम भिंत उभी होती. न सांगितलेलं उमगलं नाही तरी सांगितलेलं पुरेसं होतं. ५० आणि ५५ मधल्या फटीमागे अशी भिंत छापलेली नाही. इतक्यांदा हरलात की पुढच्या वेळी नक्की, असं ते पान कुठे म्हणत नाही. यात दया आहे, वचन नाही, आणि या यंत्रणेनं मला वचनांची सवय लावली होती.

त्या पानावर मला आणखी एक ओळ हवी आहे, जी गेनशिननं वर्षानुवर्षं लिहिली नाही: तुमची मोजणी आज इतकी झाली आहे. तो आकडा सर्व्हरवर असतोच; त्याच्यावाचून चौऱ्याहत्तरची चढण सुरू कशी होईल? पण खेळाडूला तो विशच्या इतिहासाची पानं उलटत, वहीत रेघा ओढत, एक्सेलमध्ये मांडत स्वतः काढावा लागला. नशिबानं सगळं लक्षात ठेवावं आणि ज्याच्यासाठी ठेवलं त्याला सांगू नये, हे या रचनेच्या स्वभावाला धरून नाही. तो आकडा पडद्यावर दिसला तर ७१ वर असलेल्या माणसाला पुढच्या बॅनरपर्यंत थांबायचं की आत्ताच पाच विश करायच्या, हे शांतपणे ठरवता येईल. आणि १७ वर असलेल्याला कळेल की चढण अजून फार लांब आहे, आज उठलेलं बरं.